दाताचा आणि डोळ्याचा संबंध

संपादकांनी पत्रात लिहिलं आहे, "डॉक्टर, तुमच्या पेशातल्या गमतीजमती येऊ द्या. दिवाळीत लोकांना हसायला काहीतरी हवं." गमती पुष्कळ आहेत. पस्तीस वर्षं मी लोकांच्या तोंडात डोकावत आलो. खुर्चीतला माणूस तोंड उघडून बसलेला असतो, त्याला बोलता येत नाही, त्यामुळं आमच्या धंद्यात डॉक्टरच फार बोलतो. मी तर जरा जास्तच बोलायचो. गमती सांगतो, पण त्या लवकर संपतील. त्यापुढचं हसण्यासारखं नाही, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

मुंबईला दातांचं शिकून मी उस्मानाबादला परत आलो, तेव्हा निजामाचं राज्य जाऊन आठ-नऊ वर्षं झाली होती आणि मराठवाडा नुकताच मुंबई राज्याला जोडला गेला होता. दातांचा वेगळा डॉक्टर असतो, हेच कुणाला पटत नसे. कचेरीतल्या एका वयस्कर कारकुनानं माझी पाटी दोनदा वाचली आणि अगदी कळवळून विचारलं, "नुसते दातच? बाकीचं शिकायचं राहून गेलं का?"

दात काढायला ताकद लागते, हा दुसरा समज. माझे दंड बारीक. ते बघून कितीतरी लोक दारातूनच परत गेले. खरं तर दात उपटत नाहीतच. हिरडीत सुई देऊन ती जागा बधिर करायची आणि मग थांबायचं. हे थांबणं फार महत्त्वाचं, घाई करणाऱ्याच्या हातून दात मोडतो. मग पकडीनं दात हळूहळू दोन्ही बाजूंना हलवायचा, हाडातली त्याची जागा सैल करायची. ती पुरेशी सैल झाली की तो सुखानं हातात येतो. पण लोकांच्या डोळ्यांसमोर लोहाराची सांडशीच असे.

आणि समज तरी किती! मिश्रीनं दात घट्ट होतात, म्हणून बायका जाळलेली तंबाखू बोटानं हिरड्यांना घासत बसत, आणि हिरड्या सुटून सगळे दात हलायला लागले की आणखी मिश्री लावत. प्रत्येक बाळंतपणाला एक दात जातोच, त्याला इलाज नाही. अक्कलदाढ काढली की माणूस वेडा होतो. दुधाचे दात किडले तरी काही करायचं नाही, ते पडणारच आहेत. एकदा एक दणकट मामा आपल्या आठ महिन्यांच्या भाच्याला घेऊन आला. बाळाला वरचा दात आधी आला होता आणि ते मामाच्या जिवाला जड असतं, म्हणून तो दात मी काढून टाकावा असं त्याचं म्हणणं. मी म्हटलं, "एवढंसं पोरगं, एकच दात, आणि तुम्ही एवढे पैलवान. चावलंच तर पळून जाता येईल तुम्हाला." बाळाची आई पदर तोंडाला लावून हसली आणि मामा ओशाळला. माझं औषध हे असं असे. दोन थेंब लवंगतेल आणि चार थेंब टिंगल.

बाजाराच्या दिवशी मी जवळच्या बेंबळी गावाला जायचो. पत्र्याच्या पेटीत पकडी, स्टोव्ह, उकळायचं भांडं, सुया आणि घडीची एक लाकडी खुर्ची एवढा माझा संसार. बाजारपेठेला लागून तात्यांचं घर होतं. तात्या म्हणजे गावातले बऱ्यापैकी शेतकरी. अवघा गाव त्यांना तात्याच म्हणायचा. त्यांच्या दाराच्या आत लगेच जी ढाळज लागते, येणाऱ्याजाणाऱ्यानं टेकायची ऐसपैस ओसरी, ती त्यांनी मला दिली होती. त्याआधी मी त्यांची खालची एक दाढ काढली होती. दुखलं नाही याचं त्यांना इतकं नवल वाटलं की दाढ रुमालात बांधून ते बाजारभर दाखवत फिरले. "सुई टोचल्यावानी वाटलं फकस्त. तुमी जा रं, घाबरू नगा," असं सांगून ते लोकांना दंडाला धरून माझ्यापुढं आणून बसवत.

त्याच बाजारात दाताची कीड काढणारी एक बाई बसायची. निखाऱ्यावर रिंगणीच्या बिया टाकायची, नळीतून धूर माणसाच्या तोंडात सोडायची, आणि शेजारच्या पाण्याच्या वाटीत पांढऱ्या बारीक अळ्या पडलेल्या दाखवायची. एके दिवशी मी तिच्या पुढ्यात जाऊन बसलो आणि म्हटलं, "आता माणूस नको. नुसत्या बिया टाक." वाटीत तशाच अळ्या पडल्या. तापून फुटलेल्या बियांचे ते कोंब होते. लोक खदाखदा हसले. बाईनं निखारे विझवले, सामान गोळा केलं आणि पुन्हा ती त्या बाजारात दिसली नाही. मला त्या दिवशी फार भारी वाटलं होतं. तिला चारचौघांत उघडं पाडायची काही गरज नव्हती, हे कळायला पुढं वेळ लागला.

या सगळ्या समजांत सर्वांत चिवट समज म्हणजे वरचा दात काढला की डोळा जातो. वरच्या दातांच्या नसा डोळ्यांना बांधलेल्या असतात, असं शिकलेली माणसंही छातीठोक सांगत. वरच्या दातानं हैराण झालेली माणसं खालचाच एखादा काढा म्हणायची. या समजावर मी तुटून पडायचो. एका जुन्या पटवाऱ्याचा वरचा सुळा काढला आणि तोंडात कापसाचा बोळा असतानाच त्यांच्या हातात वर्तमानपत्र दिलं, वाचा म्हटलं. त्यांनी बोबड्या आवाजात मथळा वाचला. ढाळजेत हशा पिकला. मग मी उभा राहून माझं नेहमीचं वाक्य टाकलं, "दाताचा आणि डोळ्याचा काडीचाही संबंध नाही!" हे वाक्य मी किती वेळा म्हटलं असेल, देव जाणे. पोरं माझी नक्कल करत ते म्हणायची.

तात्यांना एकच मुलगी, गोदावरी. आई ती लहान असतानाच गेली होती. विधवा आत्यानं, यमुनाबाईंनी, तिला वाढवलं. गोदा सतरा वर्षांची होती, सातवी पास झाली होती आणि उस्मानाबादला मास्तरणींच्या ट्रेनिंगला तिचं नाव लागलं होतं. त्या गावातली ती पहिली मास्तरीण होणार होती. तात्या तोंडानं काही बोलत नसत, पण तिच्यासाठी घेतलेली पत्र्याची नवी ट्रंक ढाळजेतच ठेवली होती, म्हणजे येणारा प्रत्येक जण विचारणार, ही कुणाची?

जायला पंधरा दिवस राहिले असताना, एका बाजारादिवशी ती माझ्यापुढं येऊन बसली. सुळ्यामागचा वरचा दात काळा पडला होता. टिचकी मारली की ती कळवळायची. सूज नव्हती, ताप नव्हता. मी म्हटलं, काढून टाकू, ट्रेनिंगला जाऊन दुखत बसायला नको. ती लगेच तयार झाली.

आत्या आतून धावत आल्या. "अवं डाक्टरसाब, वरचा दात हाय त्यो! डोळा गेला तर पोरगी कोण करून घेनार?"

मला तेच हवं होतं. ढाळज भरलेली होती. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "आत्याबाई, डोळ्याला यातून वगळा. दाताचा आणि डोळ्याचा काडीचाही संबंध नाही." पोरांनी शेवटचे शब्द माझ्याबरोबरच म्हटले. गोदाही गालाला हात लावून हसली. मग आत्यांनी दुसरं काढलं. "पर आज आवस हाय. आवसेला रगत काढू नये. फुडल्या बाजारी काढा."

एक मुद्दा जिंकलेला माणूस दुसरा सोडून द्यायला तयार असतो. बरं, पुढच्या बाजारी, असं म्हणून मी लवंगतेलाचा बोळा ठेवला आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

आता जे सांगायचं आहे, ते वाचकांनी नीट वाचावं. दात काढल्यानं डोळा जात नाही, हे खरंच आहे. पण किडलेला वरचा दात तसाच ठेवला, त्याच्या मुळाशी पू धरला, तर तो पू कधीकधी वर चढतो. गालातून डोळ्याच्या कोपऱ्याकडं जाणाऱ्या ज्या शिरा आहेत, त्यांना मागं अडवणाऱ्या झडपा नसतात. त्यांतून तो डोळ्यामागं जातो आणि तिथून मेंदूपर्यंत. क्वचित घडतं, पण घडतं. म्हणजे दाताचा आणि डोळ्याचा संबंध आहे. लोकांना तो उलट्या बाजूनं ठाऊक होता, एवढंच. हे मी परीक्षेत लिहून आलो होतो. गाल सुजला, ताप आला, पापणी जड झाली, तर बाजाराची वाट न बघता त्याच दिवशी माझ्याकडं या, एवढं एक वाक्य मी गोदाला सांगायला हवं होतं. मी ते सांगितलं नाही. टाळ्यांचं वाक्य तेवढं सांगितलं.

पुढच्या बाजारी मी ढाळजेत पेटी ठेवली, तर तात्या बाहेर आले नाहीत. आत्या आल्या आणि म्हणाल्या, "पोरीचे डोळे आल्यात. दाताचं राहू द्या आज. दात दुखायचा थांबलाय तिचा."

दात दुखायचा थांबला, हे ऐकून मी उठलो. दुखणं आपोआप थांबलं की दात बरा झाला असं लोक समजतात. बहुतेक वेळा त्याचा अर्थ एवढाच असतो की आतल्या पुवानं दुसरीकडं वाट काढली.

आतल्या खोलीत खिडकीला घोंगडं लावून अंधार केला होता. गोदाच्या डोळ्यांवर ओला फडका होता. दोनतीन दिवस गाल सुजला होता, त्याला विटेचा शेक दिला होता. मग पापणी सुजली, तेव्हापासून शेळीच्या दुधात भिजवलेला फडका. मी तो उचलला. डावा डोळा पुढं आला होता आणि हलत नव्हता. उजव्याची पापणीही सुजायला लागली होती. अंग भाजत होतं. मी हाक मारली तर तिनं मला ओळखलं नाही.

"डोळे लई जोरात आल्यात औंदा," तात्या म्हणाले. "गावात दोघातिघास्नी आल्यात. तरी फडका ठेवतोय आमी."

मी बाहेर धावलो. बाजाराला ब्लॉकच्या विकास अधिकाऱ्याची जीप आली होती. मी त्या अधिकाऱ्याच्या अक्षरशः हातापाया पडलो. गावात होतं ते पेनिसिलिन टोचलं आणि तिला घेऊन आम्ही तुळजापूरवरून सोलापूरच्या मोठ्या दवाखान्यात निघालो. गोदाचं डोकं आत्यांच्या मांडीवर होतं. तुळजापूर आलं तशी त्यांनी एक हात तिच्या कपाळावरून न काढता दुसऱ्या हातानं देवीला नमस्कार केला.

सोलापूरच्या डॉक्टरांनी तिचं तोंड उघडून बघितलं, मग माझ्याकडं बघितलं आणि इंग्रजीत विचारलं, "तुमचा पेशंट?" मी हो म्हटलं. तिसऱ्या दिवशी सकाळी गोदा गेली.

तात्यांनी मला काही विचारलं नाही. ते लोकांना सांगत, "डोळे आले, त्येचा ताप डोक्यात गेला." मी दहाव्याला गेलो, तेराव्याला गेलो, खाली मान घालून बसलो आणि परत आलो. सांगायचं प्रत्येक वेळी ठरवून जायचो. प्रत्येक वेळी स्वतःला म्हणायचो, सांगून आता काय होणार, पोरगी तर परत यायची नाही. भित्र्या माणसाला असली शहाणपणाची वाक्यं लगेच सुचतात.

तीन महिने मी बेंबळीला गेलो नाही. मग एके दिवशी तात्याच उस्मानाबादला आले. "लोकांचे दात दुखत्यात, डाक्टरसाब. ढाळज मोकळी हाय," एवढंच म्हणाले. मी गेलो. आणि तिथं मला जी शिक्षा मिळाली, ती कुठल्या कोर्टानं दिली नसती. तात्या आता दर बाजारी माझ्या खुर्चीशेजारी उभे राहायला लागले. कुणी वरच्या दाताला घाबरलं की ते त्याच्या खांद्यावर हात ठेवून सांगायचे, "दाताचा आन् डोळ्याचा काय बी संबंध न्हाय. माझी गोदी सुदिक म्हनायची, डाक्टरसाब सांगत्यात ते खरं." तो माणूस निमूट तोंड उघडायचा. त्या वर्षी बेंबळीत मी जेवढे वरचे दात काढले, तेवढे कधीच काढले नव्हते. पकड माझ्या हातात असे आणि ते वाक्य तात्यांच्या तोंडात. मी ते पुन्हा कधी उच्चारलं नाही, पण खोडलंही नाही. हे असं वर्षभर चाललं.

मग एका बाजाराला शेजारच्या वाडीवरची एक बाई आली. कडेवर लेकरू, सोबत नवरा. तिनं डोक्यावरचा पदर गालापर्यंत ओढला होता. तिच्या नवऱ्याचं आणि तात्यांचं बोलणं मला दारातून ऐकू आलं. नवरा म्हणत होता, दाढ दुखत होती, आता डोळा बी सुजलाय, आधी डोळ्याचं बघावं का दाताचं?

"डोळ्यासाठी सरकारी दवाखान्यात जावा निवांत, चार दिसानं," तात्या म्हणाले. "दातामुळं नसतंय ते. त्येचा संबंध न्हाय."

"संबंध आहे!" मी ओरडलो. माझ्या हातातली पकड खाली पडली. खुर्चीतला माणूस दचकून उठला. "आत आणा तिला. आत्ताच्या आत्ता आणा. संबंध आहे, तात्या!"

मी तिची वरची दाढ काढली. मुळामागून पू आला, पुष्कळ आला. पेनिसिलिन टोचलं, आणि बाजार तसाच टाकून तिला, तिच्या नवऱ्याला आणि लेकराला एसटीनं उस्मानाबादच्या सरकारी दवाखान्यात नेलं. चार दिवसांनी तिचा डोळा पुरता उघडला. ती बरी झाली.

पण हे चार दिवसांनी. त्या संध्याकाळी तिला दवाखान्यात सोडून मी शेवटच्या गाडीनं बेंबळीला परत गेलो. पेटी आणायचं निमित्त होतं. तात्या ढाळजेत बसले होते. माझ्या पकडी त्यांनी पुसून पेटीत लावून ठेवल्या होत्या. मी समोर बसलो आणि सगळं सांगितलं. पू कसा चढतो, गालाला शेक दिल्यानं तो कसा पसरतो, गोदाचे डोळे आले नव्हते, तो दातच होता, हे सगळं. अवसेच्या दिवशी मी तो काढला असता तर ती वाचली असती, हेही सांगितलं. त्यांनी मला मारावं असं मला वाटत होतं. मारलं असतं तर फार बरं झालं असतं.

त्यांनी माझ्या पेटीचं झाकण लावलं. मग म्हणाले, "डाक्टरसाब, तिनं इचारलं व्हतं मला."

"कुणी?"

"गोदीनं. डोळा सुजला त्या दिशी. म्हनली, तात्या, ह्ये दातामुळं तर नसंल? गाडी जुंपा, डाक्टरांकडं जाऊ उस्मानाबादला." त्यांचा आवाज अगदी साधा होता. "म्या म्हनलं, येडी का काय तू? डाक्टरसाबांनी तुज्या म्होरंच सांगितलंय न्हवं, दाताचा आन् डोळ्याचा संबंध न्हाय म्हनून? मंग गप निजली. पुन्यांदा न्हाय इचारलं."

मी माझ्या मनावरचं ओझं उतरवायला गेलो होतो. ते मी त्या बापाच्या डोक्यावर ठेवून आलो. खरं बोलल्याचं समाधान मला आजतागायत मिळालेलं नाही. न बोलण्याचंही मिळालं नसतं.

त्यानंतर ढाळजेचं दार मला बंद झालं. कुणी बंद केलं असं नाही, मीच तिकडं फिरकलो नाही. बेंबळीचा बाजार सोडला. पण बेंबळीची माणसं उस्मानाबादला यायला लागली. बाजाराचा दिवस बघत नसत, अवस-पौर्णिमा बघत नसत. एसटी चुकली तर बैलगाडीनं येत. गाल कालच सुजलेला असे, कधी तर त्याच दिवशी सकाळी. इतक्या लवकर दात दाखवायला येणारी माणसं मी आयुष्यात दुसऱ्या कुठल्या गावची पाहिली नाहीत. विचारलं की सांगत, "तात्यांनी पिटाळलं. म्हनले, आजच्या आज जा, उद्यावर टाकू नगंस." एका म्हातारीला तर ते स्वतः गाडीत घालून घेऊन आले होते. ती म्हणाली, तात्या बाहेर बैलांपाशी उभे हायती. मी हातातलं टाकून दारात गेलो. त्यांनी मला पाहिलं आणि बैलाच्या पाठीवरून हात फिरवत तोंड पलीकडं केलं. मी आत येऊन म्हातारीचा दात काढला.

अशीच बरीच वर्षं गेली. एकदा एक तरणा शेतकरी आला, गाल टम्म फुगलेला, पापणीला नुकती सूज. त्या वेळेपर्यंत माझी सवयच झाली होती, मी म्हटलं, "बेंबळीचा ना? तात्यांनी पाठवलं?"

"न्हाय जी," तो म्हणाला. "तात्या जाऊन म्हैना झाला. पर आमच्याकडं आता तसंच हाय. गाल सुजला की निघायचं."

मी त्याला तोंड उघडायला सांगितलं आणि सुई भरायला घेतली.